मेधा गोकुळ रोड

धारवाड, ३ एप्रिल २०२५

प्रिय श्रीनिधी,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. तुझा बंगळूरचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. "मावसबहिणीला माझ्या मुलाशी काय काम पडलं?" म्हणून तिने चारदा विचारलं. फोन करता आला असता, पण तक्रार फोनचीच आहे. ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच तोंडून ती सांगणं मला बरं वाटेना.

पाडव्याला हुबळीत आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. दारातच चिटणीस गणपतराव टेबल टाकून बसले होते. "आधी ॲप, मग पन्हं," असा त्यांचा हुकूम. बायकांची ही रांग! मथुराकाकूंनी तर फोन दोन्ही हातांनी पुढे केला, देवळात ताट द्यावं तसा. गणपतराव प्रत्येकीचा फोन घेत, तू मंडळासाठी केलेलं ॲप त्यात घालत, चार वेळा अंगठा दाबत आणि फोन परत देत. माझा नंबर आला.

"काय दाबलंत हो?" मी विचारलं.

"परवानगी."

"कुणाची?"

"तुमचीच की, ताई!"

माझी परवानगी दिली गेली तेव्हा मी समोर उभी होते आणि मला पत्ताच नव्हता. घरी येऊन शोधलं तर कळलं की फोनमधली सगळी नावं, मी कुठे आहे ते, माझे फोटो आणि माझा आवाज, एवढं सगळं मी तुला देऊन बसले आहे. कशासाठी? अजून तर मी कार्यक्रमपत्रिकासुद्धा उघडली नव्हती.

शिंपी माप घेतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ब्लाउज शिवायला टाकला की घेतो. दुर्गदबैलच्या बाजारात नुसतं कापड बघायला दुकानात शिरले आणि दारातच कुणी टेप घेऊन अंगावर आलं, तर मी चप्पल बाहेर काढून ठेवणार नाही, हातात घेईन.

तू हुशार आहेस. मला नीट सांग, आल्या आल्या का विचारतोस? उत्तर कागदावर लिही.

तुझी
उत्तरामावशी


बंगळूर, १० एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

किती वर्षांनी हाताने लिहितोय! अक्षराला हसू नका.

तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. पण तुमच्या फोनला काही होणार नाही. नावं घेतली की ओळखीतले कोण सभासद आहेत ते ॲप आपोआप दाखवतं. ठिकाण कळलं की जवळ कोण राहतं ते दिसतं. फोटो कार्यक्रमांसाठी. आवाज भजनी मंडळासाठी. ते काम अजून व्हायचंय, पण पुढेमागे लागेल म्हणून आत्ताच मागून ठेवला.

आल्या आल्या का? खरं सांगू? पहिल्या उत्साहात लोक सगळ्याला 'हो' म्हणतात. नंतर एकेक विचारलं की थांबतात, विचार करतात आणि बरेच जण 'नको' म्हणतात. मग ॲप रिकामं दिसतं आणि रिकाम्या ॲपात कोण येणार? त्यामुळे आता कुणी नको म्हटलं तर ॲप पुढेच जात नाही. सगळेच असं करतात, मावशी.

आणि हे काही परक्या कंपनीचं नाही. मी सुट्टीच्या दिवशी बसून, एक पैसा न घेता केलंय. आपल्याच माणसांचं आहे. निवांत वापरा.

फोन हळू चालत असेल तर बंद करून पुन्हा सुरू करून बघा.

तुमचा
श्रीनिधी


धारवाड, १८ एप्रिल २०२५

श्रीनिधी,

फोन हळू चालत नाही. फार जोरात चालला.

आता तुला एका मुलीबद्दल सांगते. तिची परवानगी घेऊन सांगते आहे. माझी मैत्रीण विमल, तिची मुलगी मेधा. बेळगावच्या अमितशी तिचं लग्न झालं होतं. गेल्या वर्षी मनगटाला प्लास्टर असताना ती एका पिशवीनिशी तिथून निघाली आणि माझ्याकडे आली. हुबळीत गोकुळ रोडला एका कारखान्यात व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज काढायचं काम तिला मिळालं. जवळच एक खोली घेतली. ती कुठे आहे हे विमलला ठाऊक आणि मला. सासरच्या कुणालाही नाही. पहिले काही महिने ती कुणी दार वाजवलं की दिवा बंद करायची. आता आता खिडकीत तुळस लावली होती.

माझ्या ओळखीत तीन मेधा आहेत. आपल्याकडे सगळे करतात तसं मी नावापुढे जागा लिहिते. मेधा बँक. मेधा माळमड्डी. मेधा गोकुळ रोड.

तुझ्या ॲपने ती नावं उचलली आणि 'उत्तराताईंच्या ओळखीचे, यांना आमंत्रण द्या' म्हणून मंडळाच्या सगळ्या सभासदांपुढे मांडली. नंबरासकट. मेधाने तुझं ॲप कधी बघितलेलंही नाही. पण अमितची बहीण पल्लवी हुबळीतच असते आणि मंडळात आहे. ती शोधत होती असंही मी म्हणत नाही. तिच्यापुढे आयतं वाढून आलं. मी विमलची मैत्रीण हे तिला ठाऊक, मेधा ड्रॉइंग्ज काढते हे अमितला; गोकुळ रोडवर तसले कारखाने किती असणार!

बुधवारी संध्याकाळी मेधा कारखान्याच्या गेटमधून बाहेर पडली तर समोर अमित. हसत होता, ती सांगते. म्हणाला, "लपायचं होतं तर मंडळात नाव कशाला टाकलंस? चल घरी."

ती उलटी फिरून आत गेली आणि वॉचमनने गेट लावलं. पण आता तिने पिशवी भरून ठेवली आहे. सोलापूरला एक आतेबहीण आहे, तिकडे जाते म्हणते. नोकरी सोडून, खोली सोडून, पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीने स्वतःच्या पसंतीने पडदे घेतले होते, श्रीनिधी.

तू लिहिलंस, नंतर विचारलं की लोक थांबतात, विचार करतात आणि नको म्हणतात. हे वाक्य मी कितीदा वाचलं ते विचारू नकोस. विचार करून माणूस नको म्हणतो हे तुला ठाऊक होतं. म्हणून तू विचार करायच्या आधी विचारलंस.

आता मला काय पाहिजे ते ऐक. मेधाचं नाव आज काढ. तेवढ्याने भागणार नाही. जे पाहिजे ते, पाहिजे त्या वेळी, ज्याचं त्याला विचार. आणि कुणी नको म्हटलं तरी त्याला आत येऊन कार्यक्रमपत्रिका वाचता आली पाहिजे.

उत्तरामावशी


बंगळूर, २३ एप्रिल २०२५

मावशी,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. मेधाचं नाव त्याच क्षणी काढलं. मला खरंच वाईट वाटतंय. असं होईल असं माझ्या डोक्यात आलंच नाही.

पण एक विचारू? रागावू नका. एवढं गुप्त होतं तर फोनमध्ये नावापुढे पत्ता कशाला लिहायचा? दुसरंच काहीतरी लिहिलं असतंत तर हे झालं नसतं. निदान आता तरी बदला.

बाकीचं माझ्या एकट्याच्या हातात नाही. अध्यक्ष सदाशिवरावांशी बोललो. ते म्हणतात, सभासद वाढले ते या आमंत्रणांमुळेच, ते बंद करायचं नाही. "आपल्या लोकांत लपवण्यासारखं काय असतं?" असं म्हणाले. मी त्यांना मेधाबद्दल काही सांगितलं नाही. तिचं नाव मध्ये यायला नको म्हणून.

तिला सध्या सोलापूरला जाऊ द्या. तिथे सुरक्षित राहील. मी तिकीट काढून देऊ शकतो.

श्रीनिधी


धारवाड, ३० एप्रिल २०२५

श्रीनिधी,

तिकीट नको.

आणि नावही मी बदलणार नाही. माझ्या फोनमध्ये मी कुणाला काय म्हणते हे माझं आहे. उद्या तू माझ्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडशील आणि वर म्हणशील, "मावशी, मिठाच्या डब्यावर मीठ कशाला लिहिलंत?" मी माझ्यासाठी लिहिलं होतं. तू वाचलंस.

मेधाने जावं, अमितने यावं, मी नाव बदलावं, आणि ॲपने मात्र होतं तसंच राहावं? हलायचं कुणी, हे तू फार चटकन ठरवलंस. तुला मी कडेवर घेतलेलं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तू वाईट नाहीस. तू कधी दार लावून आत घाबरून बसला नाहीस, एवढंच. पण ज्याला भीती ठाऊक नाही त्याने दारं बनवायची असतील, तर ज्याला ठाऊक आहे त्याला आधी विचारावं.

काल मंडळाची बैठक होती, कोप्पीकर रोडवरच्या त्या माडीवर. मी गेले. मेधाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की ॲप बदला, नाहीतर आम्ही ते काढतो.

सदाशिवराव हसले. "उत्तराताई, शाळेला सुट्टी लागली, आता तरी शिकवणं थांबवा. आपलं कुटुंब आहे हे. कुटुंबात कसली परवानगी?"

मी माझ्या फोनवर तुझं ॲप उघडलं आणि त्यांच्याजवळ गेले. तू आपोआप दाखवतोस ना, ते 'सदाशिवरावांच्या घरातून' आलेलं पान काढलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या बायकोने आपल्या फोनमध्ये सुनेला 'धाकटी कटकट' म्हणून लिहून ठेवलंय. खाली तिचा नंबर. मोठ्याने वाचलं नाही. वाचलं असतं तर मी आणि ॲप सारखेच झालो असतो.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. हळूच म्हणाले, "हे कोण कोण बघू शकतं?"

"सगळे सभासद. तुमच्या सूनबाईसुद्धा."

"अरे देवा." मग गणपतरावांकडे वळून, "एवढं तेवढं नाव काढून टाकायला सांगा हो त्या पोराला. बाकीचं असू द्या."

बाकीचं असू द्या! श्रीनिधी, मी आयुष्यात फार कमी वेळा आवाज चढवला आहे. शाळेतही पोरं माझ्या गप्प बसण्याला घाबरतात. पण काल चढला. म्हटलं, "बाकीच्यांच्या घरात सुना नाहीत? बाकीच्यांची माणसं रस्त्यावर पडलीत?"

मागून मथुराकाकू उठल्या. "अगं उत्तरा, माझ्या फोनमधलं पण दिसतंय काय गं?"

"दिसतं, काकू."

"मी व्याहीबुवांना काय लिहिलंय ते पण?"

"ते पण."

"अगं बाई! ए गणपा, ये इकडं. घातलंस तसं काढ ते."

गणपतराव म्हणाले, काढायचं कसं ते मला येत नाही. मला येतं. मी खुर्ची घेऊन बसले. बायका पुढे आल्या आणि त्यांच्यामागून दोन-तीन पुरुषही, इकडेतिकडे बघत. फोन मी हातात घेतला नाही. प्रत्येकीला म्हटलं, तुमचा अंगठा, तुम्ही दाबा.

आता तू ठरव, उरलेल्यांचं काय करायचं ते. मेधाने अजून तिकीट काढलेलं नाही. काल बैठकीतलं सगळं तिला सांगितलं तर कितीतरी दिवसांनी हसली. पण पिशवी दाराशीच आहे.

उत्तरामावशी


बंगळूर, ७ मे २०२५

मावशी,

सदाशिवरावांनी सांगितलं होतं तसं, ते एक नाव काढायला बसलो. ते सापडायला सगळी चाळावी लागली. आजपर्यंत मी ती कधी वाचली नव्हती. माझ्यासाठी तो नुसता आकडा होता, मोठा झाला की बरं वाटायचं.

चाळता चाळता माझ्या आईच्या फोनमधली नावं आली. तिने मला 'श्रीनिधी रविवारी' असं लिहून ठेवलंय.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. बाकीच्या दिवशी मी तिचा फोन उचलत नाही. तिने कधी तक्रार केली नाही. कधी बोलली नाही. स्वतःलाच आठवण राहावी म्हणून लिहिलं असेल, उगाच मधल्या दिवशी करू नये म्हणून. ते तिने मला सांगितलं नव्हतं, मावशी. मी तिच्या परवानगीशिवाय वाचलं. आता तिला सांगू की नको तेही कळेना. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिला फोन केला तर घाबरून म्हणाली, "काय झालं रे? बरा आहेस ना?"

मी एक नाव काढलं नाही. सगळी पुसली. कुणाच्याच फोनमधलं एकही नाव आता माझ्याकडे नाही.

नवीन केलंय ते असं. उघडलं की काही विचारत नाही. कार्यक्रम वाचा, बातम्या वाचा, जा. 'जवळ कोण आहे' हे कुणी स्वतः दाबलं, तरच ठिकाण विचारेल, आणि का ते मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेलं असेल. कुणाला आमंत्रण द्यायचं असेल तर ते एकच नाव आपल्या हाताने निवडायचं. दुसऱ्याला ते दिसणार नाही. आवाज मागतच नाही. भजनाचं काम होईल तेव्हा बघू. नको म्हटलं तर ॲप गप्प बसेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड वर करून विचारणार नाही.

सदाशिवरावांना हे करून झाल्यावर सांगितलं. फार चिडले. काम दुसऱ्याला देतो म्हणाले. मी म्हटलं, द्या. पण जुनी नावं मागू नका, ती नाहीत. "कुणाला विचारून पुसलीस?" म्हणाले. मी म्हटलं, "कुणाला विचारून घेतली होती?" हे आयुष्यात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाला उलट बोललो. बरं वाटलं.

मागच्या पत्रात मी नावापुढे पत्ता कशाला लिहिलात म्हणून विचारलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

मेधाला भेटून माफी मागावी असं वाटतं. तिचा पत्ता द्याल?

श्रीनिधी


हुबळी, २१ मे २०२५

श्रीनिधी यांस,

माझा पत्ता तुम्हाला उत्तरामावशीने दिला नाही. "देऊ का?" असं तिने मला विचारलं आणि मी नको म्हटलं. तुमचा मात्र मागून घेतला, तुमच्या परवानगीने, असं ती म्हणाली. तेव्हा हे पत्र. उत्तर लिहायचं झालं तर मावशीकडे द्या.

माफीचं राहू द्या. तुम्ही भेटायला याल, मग मला तुमची समजूत घालावी लागेल, चहा करावा लागेल. माझ्या अंगात सध्या तेवढी ताकद नाही आणि जी आहे ती मला दुसरीकडे लागते. तुम्ही जे पुसलंत ते पुसलंत, ते मला पोचलं.

मी सोलापूरला गेले नाही. मंडळाच्या बैठकीचं मावशीने सांगितलं त्या दिवशी हसू आलं खरं, पण निर्णय हसण्याने झाला नाही. पिशवी उचलून बघितली. एवढीशी होती. मला वाटलं, दर वेळी त्याला माझा पत्ता कळणार आणि दर वेळी मी यात मावेल एवढंच घेऊन निघणार. यात माझं ड्रॉइंगचं टेबल मावत नाही. मग पोलिसांत तक्रार दिली. कारखान्यातही सगळं सांगून टाकलं, माझं मीच. गेटवरचा वॉचमन आता त्याचा फोटो ओळखतो. लपलेलं होतं तोवर ते सगळं एकटीने सांभाळायचं होतं. आता गल्लीला माहीत आहे.

रविवारी दुपारी तो माग काढत खोलीवर आला.

दार वाजलं. मी दिवा बंद केला नाही, दुपारच होती म्हणा. साखळी लावून फटीतून बघितलं. आधी नेहमीसारखंच, "मेधा, उघड." मी उघडलं नाही. पुन्हा, "उघड म्हणतो ना." मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात खालून घरमालकीण नीलव्वा जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी कधी वर येत नाहीत. त्यांना बघून त्याचा आवाज एकदम मऊ झाला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा त्याने मला काहीतरी विचारलं.

"आत येऊ का?"

मी म्हटलं, "नको."

इतका छोटा शब्द आहे, पण तोंडातून बाहेर पडला तेव्हा मलाच तो मोठा ऐकू आला. त्याने चौकटीला हात टेकवला. मग म्हणाला, "बरं, दोन मिनिटं? दारातच बोलू? निदान पाणी तरी?" एकामागून एक. मी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. पाचव्यांदा त्याने तोंड उघडलं तेव्हा नीलव्वांनी हातातलं सूप जमिनीवर आपटलं. त्यांना मराठी येत नाही, पण एवढं कळलं होतं.

"ब्याड अंदाळल्ल! होग!" म्हणाल्या. नको म्हणाली ना! जा!

तो जिना उतरून गेला. पुन्हा येईल, मला ठाऊक आहे. येऊ दे. नीलव्वा तिथेच पायरीवर बसून धापा टाकत होत्या. मी साखळी काढली, दार पूर्ण उघडलं आणि त्यांना आत बोलावलं.

मेधा